भेदभावाची नोंद कोण ठेवणार?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरात विमानं बनवणाऱ्या बोइंगच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करणाऱ्या बायकांनी २००० साली कंपनीवर दावा लावला. काम पुरुषांइतकंच, पण पगार कमी. बढतीच्या वेळी नाव मागे. आणि तासावर काम करणाऱ्यांमध्ये ओव्हरटाइम कुणाला द्यायचा, ते सुपरवायझरच्या मर्जीवर, असं त्यांचं म्हणणं होतं. २००४ मध्ये प्रत्यक्ष सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर कंपनीने तडजोड केली. वॉशिंग्टन राज्यातल्या सुमारे २९ हजार आजी-माजी महिला कर्मचाऱ्यांसाठी जास्तीत जास्त ७ कोटी २५ लाख डॉलर द्यायचं ठरलं. आपलं चुकलं, असं कंपनीने म्हटलं नाही.

मला या प्रकरणात रकमेपेक्षा कागद महत्त्वाचे वाटतात. त्या बायकांच्या हातात नुसत्या तक्रारी नव्हत्या. नव्वदच्या दशकात बोइंगने स्वतःच आपल्या पगारांची अंतर्गत तपासणी केली होती आणि बायकांचे पगार मागे पडलेले आहेत, असं तीत दिसलं होतं. हे अभ्यास वकिलांमार्फत झाले आहेत, म्हणून ते गोपनीय आहेत आणि दाखवता येणार नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. न्यायालयाने त्यातले बरेच कागद बाहेर काढायला लावले. मुळात कंपनीला असा अभ्यास करावा का लागला? कारण ती सरकारची मोठी कंत्राटदार होती, आणि १९६५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार सरकारी कंत्राटदारांना आपल्याकडे भेदभाव होत नाही, हे दाखवावं लागायचं. कामगार खात्याचे लेखापरीक्षक येऊन पगाराचे आकडे तपासायचे. अशाच तपासणीनंतर १९९९ मध्ये बोइंगने महिला आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांच्या थकीत पगारासाठी आणि पगारवाढीसाठी ४५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं होतं.

म्हणजे नोंद आधी होती, दावा नंतर आला. नोंद नसती, तर त्या २९ हजार जणींपैकी प्रत्येकीला ‘तुझ्या एकटीचीच काहीतरी अडचण असेल’ असं ऐकावं लागलं असतं. आपल्याकडे नेमकं हेच ऐकवलं जातं. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत, वाळूजमध्ये, चिकलठाण्यात, शेंद्र्यात, उद्या बिडकीनमध्येही तेच ऐकवलं जाईल. मराठवाड्यातल्या खासगी कारखान्यांत जात, धर्म, लिंग आणि गाव पाहून माणसाला आत घेतलं जातं, मागे ठेवलं जातं किंवा बाहेर काढलं जातं की नाही, या प्रश्नाला आज खात्रीचं उत्तर देता येत नाही. आकडेच नाहीत. आणि आकडे नाहीत म्हणून प्रश्नच नाही, असं समजून सगळं चाललं आहे. हे आपण चालू देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

अमेरिकेची गोष्ट स्वच्छ आणि सरळ आहे, असं मात्र कुणी समजू नये. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा बोइंगच्या कारखान्यात काळ्या माणसाला जागा नव्हती. आणि हे नुसतं मालकांचं काम नव्हतं, तिथल्या यंत्रकामगारांच्या संघटनेतही गोऱ्यांशिवाय कुणाला सभासद होता येत नसे. रेल्वेच्या शयनयान कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या भेदभावावर बंदी घालणारा आदेश काढला. १९४२ मध्ये बोइंगमध्ये पहिले काळे कर्मचारी लागले. संघटनेने आपला गोऱ्यांपुरता नियम औपचारिकपणे काढला तो १९४८ मध्ये. याच वर्षी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला.

पुढे पन्नास वर्षांनी, १९९९ मध्ये, बोइंगने सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या दाव्यात दीड कोटी डॉलरची तडजोड केली. अपील न्यायालयाने ती नंतर मोडीत काढली. वकिलांची फी त्याच सौद्यात ठरवली गेली होती आणि कर्मचाऱ्यांमधलं वाटपही समान नव्हतं. मग बढत्यांचा मुद्दा ज्युरीसमोर गेला आणि २००५ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण नोंद असली की निकाल तक्रारदाराच्याच बाजूने लागतो असं नाही. नोंदीवर कंपनीही आपली बाजू मांडू शकते. भेदभाव करत नसलेल्या कारखानदाराला तर या नोंदीची सगळ्यांत जास्त गरज आहे.

आता आपल्याकडे येऊ. तेव्हाच्या औरंगाबादेत साठच्या दशकात रेल्वे स्टेशनजवळ आणि चिकलठाण्याला कारखाने आले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आजूबाजूला सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी इथल्या खोल्या जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याच्या मुलांनी भरून गेल्या. या औद्योगिकीकरणाने मराठवाड्यातल्या हजारो घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आणला. वडील सालगडी आणि मुलगा सीएनसी ऑपरेटर, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. हे मी मनापासून मानतो आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

परंतु कारखान्यात शिरण्याची वाट कशी आहे ते पाहा. मोठ्या कंपनीच्या गेटवर थेट भरती आता क्वचितच होते. ठेकेदार मुलं आणतो. ठेकेदार म्हणजे बहुतेक वेळा त्याच परिसरातला, कुठल्यातरी पक्षाच्या जवळचा, ठरावीक गावांशी आणि ठरावीक समाजाशी नातं असलेला माणूस. तो आपल्या ओळखीतल्या, आपल्या पाहुण्यारावळ्यांतल्या पोरांना आधी लावतो. त्यात त्याला काही वावगं वाटत नाही, कारण गावाकडे मदत अशीच केली जाते. पण त्याचा परिणाम असा होतो की, ज्या समाजाचा ठेकेदार नाही, त्या समाजाचा मुलगा आयटीआयला पहिल्या वर्गात पास होऊनही गेटपासपर्यंत पोचत नाही. दुसरीकडे काही कंपन्या उलटंच करतात. स्थानिक मुलं एकत्र येतात, संघटना करतात, गावचे पुढारी घेऊन येतात, म्हणून त्यांना घेऊच नका, असा अलिखित नियम असतो. मग जवळच्या गावातला, ज्याची जमीन एमआयडीसीत गेली तो मराठा शेतकऱ्याचा मुलगा नाकारला जातो. वेगवेगळ्या जातींची मुलं वेगवेगळ्या कारणांनी अडवली जातात, आणि अडवल्याचं कारण कुणालाच लेखी मिळत नाही.

आत गेल्यावर परमनंट कोण होणार, हा पुढचा प्रश्न. मुलं ट्रेनी म्हणून, अ‍ॅप्रेंटिस म्हणून, कंत्राटी म्हणून राबतात. सलग सेवेचे हक्क मिळण्यासाठी लागणारे २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे कामावरून काढलं जातं, पुन्हा नव्या नावाने नवं मस्टर. परमनंटच्या दहा जागा निघाल्या की, दहा जण कसे निवडले ते कळत नाही. ओव्हरटाइमचंही तसंच. ज्याच्या घरी हप्ते थकले आहेत त्याच्यासाठी ओटी म्हणजे जगणं असतं, आणि ते देणं लाइनवरच्या एका माणसाच्या हातात असतं. सिअ‍ॅटलच्या बायकांनी आपल्या दाव्यात ओव्हरटाइमचा मुद्दा का घातला असेल, हे वाळूजच्या कुठल्याही कामगाराला समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की, तिथे कुणाला किती तास ओव्हरटाइम मिळाला आणि तो कर्मचारी बाई होता की पुरुष, हे कागदावर जुळवून पाहता आलं.

मुलाखतीत काय विचारतात, हेही महत्त्वाचं आहे. गाव कोणतं, वडील काय करतात, घरी शेती किती, पाहुणे कुठले. वरवर पाहता साधी चौकशी. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं हे अधिकारी सांगत होते, आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कुटुंबाची पार्श्वभूमी’ किती महत्त्वाची आहे तेही सांगत होते. चांगल्या घरातला मुलगा टिकतो, असा त्यांचा विश्वास होता. आता मराठवाड्यात चांगलं घर कुणाचं मानलं जातं, हे ठरवायला जात लागतेच. ऊसतोड मजुराची मुलगी किंवा जुन्या शहरातल्या बिदरी कारागिराचा मुलगा त्या व्याख्येत बसत नाही. अधिकाऱ्याच्या मनात द्वेष नसला, तरी निकाल तोच लागतो.

याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यासही आला. थोरात सर आपल्या नागसेनवनातले, मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभ्या केलेल्या या महाविद्यालयात शिकून ते पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. कुणाचं आडनाव सवर्ण, कुणाचं दलित, कुणाचं नाव मुस्लीम. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावलं जाण्याच्या शक्यतेचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघालं, आणि मुस्लीम नावाच्या अर्जाचं सुमारे एक तृतीयांश. ही परीक्षा मुलाखतीची नव्हती, नुसता लिफाफा उघडल्यावरची होती. नामांतरासाठी सोळा वर्षं झगडलेल्या, त्यात घरं जळालेली पाहिलेल्या या भागाने हा अभ्यास घराघरांत वाचायला हवा होता. तो अभ्यासकांपुरताच राहिला, याचं मला फार वाईट वाटतं.

मग कायदा काय करतो? राज्यघटनेचं १६ वं कलम धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं, पण ही मनाई सरकारी नोकरीपुरती आहे. खासगी कारखान्याला लागू होणारे कायदे तुकड्यातुकड्यांचे आहेत. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा घेणारी वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ती फक्त लिंगावरून होणारा भेदभाव रोखते. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे, लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायदा अपमान, मारहाण, बहिष्कार यांसाठी आहे. बढती न देणं, ओव्हरटाइम न देणं, अर्जच न उघडणं त्यात बसवणं फार अवघड. जात किंवा धर्म पाहून खासगी कंपनीने नोकरी नाकारली, तर कुठे जायचं, याचं सरळ उत्तर देणारा देशपातळीवरचा कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग झाला नाही.

इथे एक गोष्ट मला सतत खुपते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातिभेदावर बंदी घालणारा शहराचा कायदा मंजूर केला आणि असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. ज्या शहरात १९१६ मध्ये बोइंगचा जन्म झाला, तिथल्या खासगी कंपनीत जातीवरून भेदभाव झाला, तर आज तक्रार करायला जागा आहे. जिथून जात तिकडे गेली, त्या आपल्या औद्योगिक वसाहतींत ती जागा नाही.

सरकारी कारखान्यांत निदान बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची नोंदवही, असते. नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, जिथे मिग आणि सुखोई विमानं तयार झाली, तिथे भरतीचा हिशेब प्रवर्गानुसार ठेवावा लागतो. ही कंपनी मूळची सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरूला सुरू केलेली. मराठवाड्यातल्या आयटीआयची पोरं तिथे अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी जायची धडपड करतात, त्याचं एक कारण हेच आहे. पण विमान उद्योग आता खासगी पुरवठादारांकडे सरकतो आहे. बोइंग स्वतः सांगते की, ती भारतातल्या ३०० हून अधिक पुरवठादारांकडून वर्षाला सुमारे सव्वा अब्ज डॉलरचा माल आणि सेवा घेते. हे काम उद्या शेंद्र्या-बिडकीनमध्येही यावं, अशी आपल्या सगळ्यांची इच्छा आहे. ते आलं, तर तोच स्क्रू, तीच पट्टी, तेच मोजमाप. सरकारी कारखान्याच्या भिंतीच्या आत कोण काम करतं याचा हिशेब द्यावा लागतो, बाहेर मात्र लागत नाही, हे कुठल्या तर्कात बसतं?

मोजल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातच आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण कामगार म्हणून तिचं वेगळं नाव कुठेच नसतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला, तर दंड. यामुळे या बायका गर्भाशयं काढून घेतात, असं वर्षानुवर्षं बोललं जात होतं आणि वर्षानुवर्षं ते झटकून टाकलं जात होतं. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सर्वेक्षण झालं. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची विचारपूस झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या दिवसापर्यंत ती अफवा होती. आकडा आल्यावर विधिमंडळात कुणालाही ‘असं काही नाही’ म्हणता आलं नाही. प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, पण तो नाकारता येत नाही इतकं तरी झालं. हे काम शासनाने मनावर घेतल्यावर काही आठवड्यांत झालं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि नोंदीचं मोल मराठवाड्याइतकं आज कुणाला कळतं? २०२३ पासून अंतरवाली सराटीतून उठलेल्या आंदोलनाने अख्ख्या महाराष्ट्राला निजामकालीन दप्तरं उघडायला लावली. मोडीतली एक कुणबी नोंद सापडावी म्हणून लोक तहसिलाच्या पायऱ्या झिजवत आहेत. या प्रश्नावर कुणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. मला एवढंच दिसतं की, हा सगळा झगडा सरकारी नोकरीच्या आणि प्रवेशाच्या मोजक्या जागांसाठी आहे. आपल्या तरुणांपैकी बहुतेकांना रोजगार मिळणार आहे तो खासगी कारखान्यांत, गोदामांत, दुकानांत. तिथे कोणत्या समाजाची किती मुलं आहेत, कोण लाइनवर आहे आणि कोण केबिनमध्ये, हे मराठा, ओबीसी, दलित, बंजारा, मुस्लीम यांच्यापैकी एकाही समाजाच्या नेत्याने आजवर नेटाने विचारलेलं नाही. एकमेकांच्या ताटाकडे पाहण्यात आपली शक्ती गेली आणि मोठ्या पंगतीत वाढप कसं चाललं आहे ते कुणी पाहिलंच नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. कारखान्यात आज निदान युनिफॉर्म घातल्यावर सगळे सारखे दिसतात, तिथे जात विचारून तुम्ही आग का लावता? बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जे वातावरण झालं, ते पाहता ही भीती खरी आहे. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली. लोकांनी आडनावावरून पोलिसाची बाजू ठरवू नये, हा हेतू. मला तो निर्णय आवडला. पण आडनाव झाकल्याने समोरासमोरचा संशय कमी होतो, आतला व्यवहार सुधारला की नाही ते कळत नाही. कोणत्या ठाण्याला कुणाची नेमणूक झाली, तपास कुणाकडे गेला, हे कळायला पुन्हा हिशेबच लागतो. कारखान्यात तर आडनाव झाकूनही भागणार नाही. गाव, शाळा, शिष्यवृत्तीचा उल्लेख, राहण्याची गल्ली, जेवणाचा डबा, गळ्यातला निळा दोरा किंवा डोक्यावरची टोपी, सगळं बोलतं. सुपरवायझरला जात आजही माहीत असते. माहीत नसते ती फक्त कागदाला.

म्हणून माहिती घेण्याची पद्धत काळजीपूर्वक ठरवावी लागेल. कामगाराने ती स्वेच्छेने, स्वतःच्या हाताने भरावी. ती त्याच्या फाइलला जोडू नये, सुपरवायझरच्या हाती तर मुळीच जाऊ नये. वर जावी ती फक्त बेरीज: कोणत्या प्रवर्गाचे किती जण अर्ज करतात, किती घेतले जातात, किती परमनंट होतात, मधला पगार (सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणारा) किती, ओव्हरटाइमचे तास किती. बायका आणि पुरुष वेगळे, परमनंट आणि कंत्राटी वेगळे. अमेरिकेत १०० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्या १९६६ पासून दरवर्षी वंश आणि लिंगानुसार असा तक्ता सरकारला देत आल्या आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असणाऱ्यांना स्त्री-पुरुष वेतनातली तफावत जाहीर करावी लागते. आपल्याकडेही शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात स्त्री-पुरुष, परमनंट आणि इतर, अपंग कर्मचारी यांचे आकडे असतात, स्त्री-पुरुषांचं मधलं वेतनही असतं. जात मात्र नसते, आणि आकडे अख्ख्या कंपनीचे असतात. वाळूजच्या कारखान्यात काय आहे, ते त्यातून दिसत नाही. तक्ता तयार आहे, त्यात रकाने वाढवायचे आहेत. लघुउद्योजकांवर बोजा नको, या मताचा मीही आहे. १०० पेक्षा कमी माणसांच्या कारखान्यांना यातून वगळावं, पण ठेकेदाराची माणसं मूळ कंपनीच्या संख्येत धरावीत. नाहीतर अर्धा कारखाना कागदावरून गायब होईल.

अमेरिकाच आता हे सोडते आहे, असंही सांगितलं जाईल. ते खरं आहे. २०२४ च्या शेवटी बोइंगने विविधता आणि समावेशनाचा आपला विभाग गुंडाळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कंत्राटदारांवरचा १९६५ चा तो आदेश रद्द केला. मला ही माघार दुःखद वाटते. तरीही भेदभावाविरुद्धचा १९६४ चा त्यांचा मूळ कायदा उभा आहे. त्यांनी साठ वर्षं वापरून एक साधन बाजूला ठेवलं, म्हणून ज्यांनी ते कधी हातातच घेतलं नाही, त्यांनीही घेऊ नये, हे काही कारण झालं नाही.

आणि हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, कारखाना नीट चालण्याचाही आहे. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये बोइंगची दोन ७३७ मॅक्स विमानं कोसळून ३४६ माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञसमितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. वरिष्ठांचं बोलणं आणि खालच्यांचा अनुभव यांत दरी आहे, आणि तक्रार केली तर सूड उगवला जाईल ही भीती पूर्ण गेलेली नाही, असं त्यात आढळलं. अपघातांचं कारण भेदभाव होता, असं मी म्हणत नाही. पण ज्या शॉपफ्लोअरवर माणसाला आपली नोकरी कुणाच्या मेहेरबानीवर आहे हे रोज जाणवतं, तिथे तो ‘हा बोल्ट सैल आहे’ असं सांगायला कचरतो. वाळूजमध्ये प्रेसमध्ये बोटं गेलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सेन्सर बंद आहे हे त्यांतल्या किती जणांना आधीच माहीत होतं आणि ब्रेक मिळेल म्हणून ते गप्प राहिले, हे विचारून पाहा.

बायकांच्या बाबतीत तर सबबही संपली आहे. रात्रपाळीला बायका चालत नाहीत, कायदा आड येतो, म्हणून त्यांना परमनंट करत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या नव्या संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळीला परवानगी आहे. आता त्यांना घ्यायचं की नाही, हा सर्वस्वी कंपनीचा निर्णय राहिला. तो काय होतो, ते दरवर्षी दिसलं पाहिजे.

राज्य सरकार ओळख मोजतच नाही, असंही नाही. औद्योगिक प्रोत्साहन योजनेत ८० टक्के स्थानिक रोजगाराची अट आहे. सवलती घ्यायच्या तर किती माणसं महाराष्ट्राची, हे दाखवावं लागतं. म्हणजे कारखान्याकडून माणसांचा हिशेब मागण्याचं तत्त्व सरकारने केव्हाच मान्य केलं आहे. केंद्रानेही आगामी जनगणनेत जात मोजायचं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. घराघरांत जाऊन जात विचारली जाणार असेल, तर सवलतीच्या पैशावर चालणाऱ्या कारखान्याच्या बेरजेत ती का नसावी? शेंद्रा-बिडकीनची सुमारे १० हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून सार्वजनिक हितासाठी म्हणून घेतली गेली. रस्ते, पाणी, वीज सरकारी पैशातून आली. ते हित कुणाच्या घरापर्यंत पोचलं, हे विचारण्याचा जमीन देणाऱ्यांना हक्क आहे.

इथल्या उद्योजकांच्या ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या दोन्ही संघटना वजनदार आहेत आणि त्यांनी शहरासाठी पुष्कळ केलं आहे. देशातल्या उद्योग संघटनांनी २००६ च्या सुमारास खासगी आरक्षणाची चर्चा सुरू झाली, तेव्हा स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली होती. त्याला आता जवळपास वीस वर्षं होत आली. स्थानिक संघटनांनी आपल्या मोठ्या सभासदांपैकी निदान काहींचे आकडे स्वतःहून जाहीर करावेत, ही माझी विनंती आहे. कामगार संघटनांनीही आधी आपलीच कार्यकारिणी मोजावी. तिथे किती बायका आहेत आणि किती कंत्राटी कामगार? बोइंगच्या कारखान्यातला पहिला अडसर संघटनेच्या दारातही होता.

सरकारने मात्र विनंतीची वाट पाहू नये. बिडकीनमध्ये भूखंडांचं वाटप अजून चालू आहे आणि प्रोत्साहनाचे करार एकेका कंपनीशी होत आहेत. वर्षातून एकदा भरती, कायम नियुक्ती, मधलं वेतन आणि ओव्हरटाइम यांचा प्रवर्गनिहाय, लिंगनिहाय तक्ता जाहीर करावा, ही अट त्यात घालायला संसदेचा कायदा लागत नाही. उद्योग विभागाचा एक शासन निर्णय आणि देकारपत्रात एक कलम पुरेसं आहे. मराठवाड्याच्या आमदारांनी हे येत्या अधिवेशनात मागावं, आणि त्यांनी नाही मागितलं, तर ते का मागितलं नाही, हे त्यांना गावोगावच्या सभांत विचारावं.